“तिथून डावीकडे वळायचं”: क्राइस्टचर्चबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्राइस्टचर्चबद्दल लिहिलं होतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं हे शहर, 2009 ते 2011 आम्ही तिथे राहायला होतो, 22 फेब्रुवारी 2011 चा भूकंप तिथेच अनुभवला आणि नंतर 2013, 2018 आणि 2025 असं तीनदा परत जाऊन आले. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की या वेळी मी भर शहरात रस्ता चुकले, आणि सगळ्यांनी नेमकं तेच पकडलं! मेल खूप आलेत, सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सहा निवडलेत.

ताई, दोन-अडीच वर्षं राहिलेल्या शहरात, हातात मोबाइल असताना रस्ता चुकतो कसा? जरा अतिशयोक्ती वाटली. – एक वाचक, पुणे

अहो, मोबाइल होता की. पण तुम्ही पुण्याचे ना, मग सांगा, लक्ष्मी रोडवरून तुम्ही पाट्या वाचत चालता का? अमुक साडीवाल्याच्या पुढे उजवीकडे, मग बोळ, मग मारुती, असंच चालता ना. माझंही तसंच होतं. कॅशेल स्ट्रीटवरून निघायचं, लाल विटांची जुनी बिल्डिंग आली की डावीकडे, तिच्या तळमजल्यावर बेकरी होती, सकाळी त्या गल्लीत पावाचा वास यायचा, मग सरळ गेलं की कॅथीड्रल स्क्वेअर. आता ती बिल्डिंग नाही, बेकरी नाही, आणि शेजारची, समोरची, पलीकडची बिल्डिंगही नाही. शहराच्या मध्यभागातल्या हजाराहून जास्त इमारती पाडल्या हो. काही भूकंपाने पाडल्या, पण बहुतेक नंतर मशीनने, कारण त्या दुरुस्त करण्यापेक्षा पाडणं स्वस्त पडत होतं. त्यामुळे मोबाइल म्हणत होता इथून डावीकडे आणि पाय म्हणत होते इथे काही नाहीये, पुढे चला. पायांचं ऐकलं आणि चुकले.

खरं तर पहिल्यांदा “परत” गेले ती तिथेच राहत असताना. फेब्रुवारीत भूकंप झाल्यावर सगळं सेंटर जाळीचं कुंपण घालून बंद केलं, त्याला कॉर्डन म्हणायचे, आतल्या भागाला रेड झोन, आणि सैनिक पहारा द्यायचे. कुंपणाला नाक लावून आत बघायचं हा आमचा रविवारचा उद्योग. एका कॅफेत टेबलावर दोन कप तसेच होते, एकात चमचा, खुर्ची मागे सरकवलेली, सगळ्यावर राखाडी धूळ, आणि पुढच्या महिन्यात गेलं तरी ते कप तिथेच. ऑक्टोबर 2011 च्या शेवटी कॅशेल स्ट्रीटचा एक तुकडा उघडला, तिथे शिपिंग कंटेनरमध्ये दुकानं काढली होती, लाल, निळे, हिरवे कंटेनर एकावर एक ठेवलेले. त्या पहिल्या शनिवारी एवढी गर्दी, की जत्राच! लोक काही विकत घेत नव्हते फारसं, नुसते चालत होते, ओळखीचं कुणी दिसलं की मिठी मारत होते. मी एक कॉफी घेऊन तीच दीड तास पुरवली.

डिसेंबरात आम्ही पुण्याला आलो. मग 2013 ला गेले तेव्हा कॉर्डन उठून काही महिने झाले होते, शेवटचं कुंपण 30 जून 2013 ला काढलं, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं चार महिने शहराचा मध्यभाग लोकांना बंद होता, विचार करा. आत काय तर मोकळे प्लॉट, खडी टाकून केलेले पार्किंग आणि रस्त्यातले ते नारिंगी कोन, जिकडे तिकडे कोन. भर सेंटरमध्ये उभं राहून लांबचे डोंगर दिसायला लागले होते, पूर्वी मध्ये इमारती असायच्या. पण गंमत सांगू का, मला ती भेट सगळ्यात जास्त आवडली. गॅप फिलर म्हणून काही उत्साही लोकांचा ग्रुप होता, ते रिकाम्या प्लॉटवर काहीतरी उद्योग करून ठेवायचे. एका ठिकाणी लाँड्रीतलं जुनं वॉशिंग मशीन उभं केलं होतं, त्यात दोन डॉलरचं नाणं टाकायचं, आपला फोन जोडायचा, की स्पीकरवर गाणं सुरू आणि समोर लाकडी डान्स फ्लोअर. आजूबाजूला पाडापाडी चाललेली आणि मध्ये एक पन्नाशीचा माणूस ऑफिसच्या कपड्यात एकटाच नाचतोय. प्रिन्स चार्ल्स आणि कॅमिलासुद्धा 2012 मध्ये तिथे नाचून गेले होते, आम्ही कोण लाजणारे, नवऱ्याला ओढलं आणि एक गाणं आम्हीही संपवलं.

2018 ला मात्र मन लागलं नाही. काचेच्या नव्या कोऱ्या इमारती, रुंद फुटपाथ, सगळं चकाचक, आणि माणूस नाही. कंटेनरची दुकानं त्याच वर्षी जानेवारीत बंद झालेली. कारण बघा, भूकंपानंतर ऑफिसं बाहेर अ‍ॅडिंग्टनला, रिकर्टनला, एअरपोर्टकडे गेली, लोक उपनगरातल्या मॉलची सवय करून बसले, नवीन घरं शहराबाहेर रोल्स्टनकडे झाली, मग सेंटरला यायचं कशाला? इमारत पैसे ओतले की उभी राहते पण माणसाच्या पायाला लागलेली सवय मोडली की मोडली. मला विचाराल तर तिथल्या सरकारने थोडा हट्ट केला. 2011 मध्ये नगरपालिकेने लोकांकडून कल्पना मागवल्या होत्या, एक लाखाच्या वर आल्या, लोकांना हिरवं, बुटकं, पायी फिरता येईल असं शहर हवं होतं. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने सूत्रं हातात घेऊन आपला आराखडा आणला, त्यात इमारतींची उंची कमी ठेवली हे ठीकच, पण कन्व्हेन्शन सेंटर, स्टेडियम असले मोठे प्रकल्प, आणि ते रखडत राहिले. कन्व्हेन्शन सेंटर उघडलं 2021 च्या डिसेंबरात! तोवर आजूबाजूच्या लहान दुकानदारांनी काय करायचं?

त्या 2018 च्या भेटीत एकाच जागी माणसं दिसली, तुरांगा नावाची नवी लायब्ररी, स्क्वेअरलाच लागून आहे, तेव्हा नुकतीच उघडली होती. आत पायऱ्यांवर शाळेची पोरं आडवीतिडवी पसरलेली, एक आजोबा पेपर घेऊन चक्क झोपलेले.

2025 ला गेले तर शहर भरलेलं. नदीकाठच्या रिव्हरसाइड मार्केटमध्ये बसायला जागा नाही. तिथे काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं की इथे जवळच एक विटांची गल्ली होती ना, तर ती म्हणाली, “मी तेव्हा चार वर्षांची होते.” एवढंच म्हणाली आणि डोसा पुढे केला. हो, डोसा!

मी सिव्हिलचा विद्यार्थी, कोयनेच्या धक्क्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. वाचलं की तिथे 2010 ला 7.1 चा भूकंप झाला त्यात इमारतीखाली कुणी मेलं नाही आणि 2011 ला 6.2 चा झाला त्यात 185 गेले. लहान भूकंपाने जास्त माणसं कशी मरतात? – सांगली

अरे, तू सिव्हिलचा, तूच मला सांगायला हवंस! पण आम्ही दोन्ही खाल्लेत म्हणून सांगते. पहिला 4 सप्टेंबर 2010, पहाटे 4 वाजून 35 मिनिटांनी, केंद्र शहरापासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला डारफील्डजवळ. सगळे आपापल्या लाकडी घरात झोपलेले, लाकडी घर हलतं, कुरकुरतं, पण सहसा कोसळत नाही. विटांच्या दर्शनी भिंती पडल्या त्या रिकाम्या फुटपाथवर. दुसरा मंगळवारी दुपारी 12 वाजून 51 मिनिटांनी, लंच टाइम, सगळं शहर रस्त्यावर, आणि केंद्र दहाएक किलोमीटरवर लिटल्टनच्या बाजूला, खोली फक्त पाचेक किलोमीटर. म्हणजे ऊर्जा कमी पण अगदी कानाखाली. काही ठिकाणी वर-खाली हिसका गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त नोंदला गेला. आमचं किचन आधी वर उडालं आणि मग बाजूला गेलं, असंच आठवतंय. त्यात सप्टेंबरपासून धक्के खाऊन इमारती आधीच खिळखिळ्या झालेल्या.

पण सगळा दोष जमिनीला देऊ नकोस. 185 मधले 115 एकट्या सीटीव्ही म्हणजे कँटरबरी टेलिव्हिजनच्या बिल्डिंगमध्ये गेले, त्यात इंग्रजी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी खूप होते. नंतरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, स्पष्ट म्हटलं की तिच्या डिझाइनमध्येच दोष होते आणि तिला परवानगीच मिळायला नको होती. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आणि लिक्विफॅक्शन. गुहागरला किंवा अलिबागला ओल्या वाळूत उभं राहून पाय हलवत राहिलं की वाळू पातळ होते आणि पाय आत जातो, तेच अख्ख्या गल्लीचं झालं. शहर मूळचं दलदलीवर वसलेलं, खाली पाण्याने भरलेली बारीक वाळू, हादरा बसला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि चिखल वाट मिळेल तिथून वर येतो. आमच्या अंगणात आधी पाण्याचा बुडबुडा आला, मग मुंगीच्या वारुळासारखा ढीग, मग अर्ध्या तासात गुडघ्याखाली करडा चिखल, ओल्या सिमेंटसारखा. नवरा शहरातून चालत घरी पोहोचला तो बूट हातात घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं फावडी आणि ढकलगाड्या घेऊन आली, नाव-गाव न विचारता अंगण उपसून गेली. हजारोंनी होती अशी पोरं, स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी म्हणतात त्यांना.

एवढा श्रीमंत देश आणि शहराच्या मधोमध चर्च अजून पडकंच? आपल्याकडे असं झालं असतं तर सगळे नावं ठेवायला मोकळे! – ठाणे

खरंय, नावं तिथले लोकही ठेवतात, काळजी करू नका! हे जे कॅथीड्रल, 1881 पासूनचं, दगडी, शहराची ओळखच. फेब्रुवारीत त्याचा मनोरा कोसळला. 2012 ला चर्चने ठरवलं पाडून नवीन बांधू, जुन्या वास्तू जपणारे म्हणाले हात लावून बघा, मग कोर्टकचेरी. आपल्या पेठेतला वाडा आठवा, मालक म्हणतो पाडू, भाडेकरू म्हणतात राहू, भाऊ म्हणतो माझा हिस्सा, आणि तोवर पिंपळ भिंतीतून वर. इथे पिंपळाच्या जागी कबुतरं. 2017 मध्ये अखेर चर्चच्या सभेत दुरुस्तीच्या बाजूने मतदान झालं, 2020 ला काम सुरू झालं, खर्च फुगत गेला आणि ऑगस्ट 2024 मध्ये पैशाअभावी काम थांबवलं. मी गेले तेव्हा कुंपणाआड लोखंडी आधारांमध्ये चिडीचूप उभं होतं.

तोवर तात्पुरतं म्हणून एक कॅथीड्रल 2013 ला उघडलं, शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टचं, चक्क पुठ्ठ्याच्या जाड नळ्यांचं छत. ते मात्र वेळेशी फार भांडत न बसता झालं आणि अजून चालू आहे. मी आत बसून वर बघत होते, आणि खरं सांगते, मला कापडाच्या दुकानातल्या तागे गुंडाळायच्या नळ्याच आठवल्या. माझं मत विचाराल तर मूळचं सुंदर होतं, पण एवढी वर्षं चौक ओलीस धरण्याइतकं कुठलीच इमारत सुंदर नसते. यावर मला शिव्या घालणारे मेल येणार, येऊ देत.

ताई, माझी मुलगी मास्टर्ससाठी तिकडे चाललीय. तिची आई रोज रडते. आम्ही 93 चा किल्लारीचा भूकंप बघितलाय. पाठवू का? – लातूर

पाठवा. भूकंप तिथे परत होणारच नाही असं मी म्हणणार नाही, तो देशच प्लेटांच्या सांध्यावर बसलाय. पण 2011 नंतर जे उभं राहिलंय ते फार जपून बांधलंय, आणि धोकादायक जुनं बरंच पाडून टाकलंय, म्हणजे त्या शहराचं सेंटर आज तिथल्या कित्येक जुन्या शहरांपेक्षा बरं म्हणायचं. वहिनींना सांगा, तुरांगा लायब्ररीचं बांधकाम असं आहे की मोठ्या हादऱ्यात भिंती झुलतील आणि परत आपल्या जागी येतील.

एक गोष्ट मुलीला नीट समजावा, कारण आपल्या डोक्यात किल्लारी आहे आणि आपल्याला पळायचं माहीत आहे. तिथे आत असाल तर बाहेर पळायचं नाही. खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा, थांबेपर्यंत. बाहेर पळणाऱ्यांवर विटा पडतात. पलंगाखाली बूट आणि टॉर्च ठेवायला सांगा, काचा पायात घुसतात रात्री. पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून ठेवायचे. आणि भाड्याचं घर घेताना थंडी किती आहे ते आधी बघायला सांगा, भूकंपापेक्षा त्याचाच त्रास रोज होईल तिला!

आमचं गाव 93 च्या भूकंपात गेलं. सरकारने नवीन गाव लांब वसवलं, जुन्या जागी आता काही नाही. तिथल्या लोकांनी शहर आहे तिथेच का बांधलं? त्यांना भीती नाही वाटली का? – एक ज्येष्ठ वाचक, औसा तालुका

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. क्राइस्टचर्चचा फेब्रुवारीतला भूकंपही 6.2 च्याच आसपासचा, आणि तिकडे 185, आपल्याकडे हजारो. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं वजन, तुम्हाला मी काय सांगायचं.

सेंटर त्यांनी हलवलं नाही कारण खाली रस्ते, नळ, गटारं, जमिनीची मालकी, विमा, सगळं तिथेच अडकलेलं, आणि मोठ्या इमारतींना खोल पाया घालून ते जमिनीचं काही प्रमाणात निस्तरू शकतात. पण सगळेच राहिले असं नाही हं काका. एव्हन नदीच्या काठाने जिथे जमीन फारच खचली, तिथली घरं सरकारने विकत घेतली आणि पाडली, सगळी मिळून आठ हजारांच्या आसपास. आम्ही भाड्याने राहायचो ते घर त्यातलंच. आमचं सामानाच्या विम्याचं वर्षभर चाललं ते सोडा, एकदा म्हणाले फोटो पाठवा, चिखलातल्या फ्रिजचा फोटो पाठवला तर म्हणाले बिल पाठवा, बिल फ्रिजवरच्या डब्यात होतं. घरमालकीण म्हातारी होती, तिचं जास्त वाईट वाटायचं, ती एक दिवस आली, दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने काढून घेतली, पिशवीत टाकली आणि गेली.

या वेळी तिथे गेले. नुसतं गवताचं रान आहे, रस्ता आहे, विजेचे खांब आहेत, घर एकही नाही. आमचं नेमकं कुठलं हे कळेना. मग फुटपाथची कड बघत चालले, गाडी आत घ्यायला कडेचा सिमेंट जिथे उतरता केलेला असतो ना, ते उतार अजून तसेच आहेत, गवतात शिरणारे. ते मोजत गेले, कोपऱ्यापासून सातवा. आत शिरले तर लिंबाचं झाड. तिथे जुन्या परसातली झाडं ठेवलीत, प्लम, सफरचंद, लिंबू, लोक येऊन फळं काढून नेतात, कुणाची म्हणून नाहीत. लिंबं लगडली होती, तिकडची जाड सालीची. मी चार काढली.

नवीन किल्लारीला मी एकदा गेले होते, रस्ते रुंद, घरं लांब लांब, एक आजी म्हणाल्या होत्या की पूर्वी ओट्यावरून हाक मारली की चार घरांत ऐकू जायची. तुमच्या जुन्या गावठाणात काय शिल्लक आहे काका? आड, पार, एखादं झाड? जमलं तर लिहून पाठवा, मला खरंच वाचायचंय.

आई-बाबांना घेऊन जातोय, वय 70 च्या पुढे, क्राइस्टचर्चला एकच दिवस आहे. काय दाखवू? – नाशिक

ट्राम. भूकंपात बंद पडली होती, 2013 च्या शेवटी परत सुरू झाली, सेंटरमधून गोल फिरवते, त्यांचे गुडघे वाचतील. न्यू रीजेंट स्ट्रीटमधून जाते, फिक्या गुलाबी-पिस्ता रंगाची जुनी दुकानं, ती गल्ली वाचली हे नशीब. मग नदीकाठची स्मृतिभिंत, 2017 ला झाली, 185 नावं कोरलीत, समोरच्या काठावर बसायला जागा आहे, तिथून बघा. 2013 ला एका रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या रंगवलेल्या 185 खुर्च्या मांडलेल्या पाहिल्या होत्या, एकही सारखी नाही, ऑफिसची, डायनिंगची, व्हीलचेअर, आणि मध्येच बाळाला गाडीत बसवायची छोटी सीट. त्या बघणं फार जड गेलं, म्हणून तुम्हाला भिंतच सांगतेय.

दुपारी रिव्हरसाइडला जेवा, शाकाहारी मिळतं. आईंना स्वेटर असू द्या, उन्हाळ्यातही दक्षिणेचा वारा सुटला की दहा मिनिटांत दात वाजतात. आणि दुधाचा चहा मागताना दूध गरम करून हवं असं आधी सांगा, नाहीतर बाबा दिवसभर तेच बोलत बसतील.